शिळें पाणी

आमच्या घरांत कोणतीहि नवी वस्तु सुखासुखीं येत नाहीं. आधीं तिच्यावर चर्चा होते, मग मतभेद होतात, आणि ती मुळींच आणूं नये असें सर्वानुमतें ठरल्यानंतर चार दिवसांनीं ती येते. सदाशिव पेठेंतला आमचा जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी आम्ही तिघे भाऊ एकाच मजल्यावर राहतों आणि आमची चूल अजून एकच आहे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. त्यामुळें मतांची वानवा कधींच भासत नाहीं. माशांची कांचेची टाकी मात्र या रिवाजाला अपवाद ठरली. धाकट्या भावाच्या मुलाला, म्हणजे आमच्या नंदूला, ती त्याच्या मामानें मुंजींत दिली. आणि मामानें मुंजींत दिलेली वस्तु परत करण्याची प्रथा अजून तरी आमच्या कुळांत पडलेली नाहीं.

टाकी दिवाणखान्यांत मांडली गेली तेव्हां शेजारच्या आप्पांनीं चष्मा कपाळावर चढवून विचारलें, "काय हो, तुमच्या घरांत मासे?"

"पाहण्यापुरतेच," मीं खुलासा केला.

"त्यांत विचारायचें काय?" आई आंतून म्हणाली. "दहा अवतारांतला पहिलाच अवतार तो! इतके दिवस आला नव्हता हेंच नवल."

आईच्या या निर्णयानें धर्मशास्त्राची बाजू निकालांत निघाली. राहिली ती पदार्थविज्ञानाची आणि जीवशास्त्राची बाजू; तिची वास्तपुस्त करण्याचें मात्र कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

मी घरांतला शिकलासवरलेला समजला जाणारा मनुष्य. माझीं तीस वर्षें महाविद्यालयांत संस्कृत शिकविण्यांत गेलीं. अर्थात् टाकीची व्यवस्था माझ्याकडे आली. टाकी दीड फूट लांबीची. तींत जेमतेम पस्तीस लिटर पाणी मावे. त्याच संध्याकाळीं मीं ती धुतली, तळाशीं रंगीत खडे पसरले, नळाचें ताजें पाणी भरलें, फिल्टर सुरू केला आणि नंदूला बरोबर घेऊन बाजारांत गेलों. दुकानदारानें नंदूच्या बोटाबरहुकूम मासे पिशव्यांत भरले: दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि चार गप्पी. एकूण चौदा जीव. टाकी आज भरली कीं महिन्यापूर्वीं, हें त्यानें विचारलें नाहीं आणि मींहि सांगितलें नाहीं. रात्रीं आठ वाजतां दिवा लागला, मासे फिरूं लागले, आणि अकराहि माणसें त्या दीड फुटांच्या कांचेपुढें दाटीवाटीनें उभीं राहिलीं. भांडणाखेरीज इतकीं माणसें एके ठिकाणीं कित्येक दिवसांत जमलीं नव्हतीं.

आई सर्वांच्या मागें उभी होती. सगळे पांगल्यावर ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. "मुंबईला असें पाहिलें होतें," ती म्हणाली. मरीन ड्राइव्हवरचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं, १९६७ मध्यें, वडिलांनीं तिला तें दाखवायला नेलें होतें. त्या वेळची मुंबई तिला आतां फारशी आठवत नाहीं, पण ते मासे आठवतात. वडील जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. त्या रात्रीं ती बराच वेळ तेथेंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून माशांचे लाड सुरू झाले. नंदू शाळेला जातांना चिमूटभर दाणे घाली. दादाची पूजा आटोपली कीं नैवेद्यासारखी त्याची एक चिमूट पडे. दुपारीं वहिनी, संध्याकाळीं खेळून आलेलीं मुलें, रात्रीं मी. एकत्र कुटुंबांत आवडत्या पाहुण्याचें जें होतें तेंच त्या माशांचें झालें. प्रत्येकजण आग्रहानें वाढी, आणि दुसऱ्यानें आधींच वाढलें आहे हें कोणालाच ठाऊक नसे.

तिसऱ्या दिवशीं पाणी तांदुळाच्या धुवणासारखें झालें. मीं मोठ्या उत्साहानें सारें पाणी उपसलें, खडे घासले, फिल्टरमधला बुळबुळीत झालेला स्पंज नळाखालीं धरून पुन्हां नव्यासारखा केला, आणि टाकी ताज्या पाण्यानें भरली. घरांत माझ्या टापटिपीची वाखाणणी झाली. पांचव्या दिवशीं मासे वर येऊन पाण्याशीं तोंडें उघडूं-मिटूं लागले. ते भुकेले आहेत असें आम्हांला वाटलें, म्हणून आम्हीं आणखी दाणे घातले. आणि मीं पुन्हां पाणी बदललें. सहाव्या दिवशीं सकाळीं निऑन गेले, सातव्या दिवशीं एंजल, आठव्या दिवशीं गोल्डफिश. आणि नवव्या दिवशीं शेवटची गप्पी टाकीच्या कोपऱ्यांत निपचित पडली.

नंदूनें रडून घर डोक्यावर घेतलें. मग त्याच्या लक्षांत आलें कीं खाद्याची डबी टाकीजवळ नाहीं. ती आजीच्या खोलींत, तिच्या जपमाळेशेजारीं सांपडली. रात्रीं सगळे निजल्यावर आई उठून टाकीशीं बसत असे आणि चार दाणे घालीत असे, हें तेव्हां कळलें.

"आजी, तूंच मासे मारलेस!" नंदू ओरडला.

त्याच्या आईनें त्याला दटावलें. पण 'तसें नाहीं रे' असें आमच्यापैकीं एकानेंहि म्हटलें नाहीं. कारण क्षणभर आम्हां सर्वांना तसेंच वाटलें, आणि प्रत्येकाला आपापली चिमूट विसरण्याची सोय झाली. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें डबी टाकीजवळ आणून ठेविली, आणि त्या रात्रीं भूक नाहीं म्हणून ती पानावरून लवकर उठली.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. पन्नासांहून अधिक वर्षें या घरांतलीं पानें आईनें वाढलीं. वडील गेल्यावर तिच्या सुनांनीं, अगदीं मायेनें, "आई, आतां तुम्ही बसा," असें म्हणून पळी तिच्या हातांतून काढून घेतली. त्यांत कोणाचा दोष नव्हता. तिचे गुडघे दुखत, आणि तिचे कष्ट आम्हांला पाहवत नसत. पण ज्या हाताला पन्नास वर्षें दुसऱ्यांना वाढण्याची संवय, तो हात रिकामा ठेवून आम्हीं तिला काय दिलें आणि तिच्यापासून काय घेतलें, हा हिशेब कोणीं मांडला नव्हता. रात्रींचे ते चार दाणे त्या हिशेबांतले होते.

माझे एक स्नेही रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांच्या घरीं तीस वर्षें माशांची टाकी आहे. दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्याकडे गेलों; आमची हकीगत सांगण्यास गेलों हें खरें, पण त्याहूनहि खरें असें कीं, आईच्या चार दाण्यांवर त्यांच्याकडून शिक्कामोर्तब करून घेण्याची इच्छा मनांत होती. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला:

"पाणी किती दिवसांचें होतें?"

"दिवसांचें? छे! चांगलें ताजें होतें. दोन दिवसांआड नवें भरीत होतों."

"मग मासे जगणार कसे?" ते म्हणाले.

आमच्याकडे रात्रीचें पाणी सकाळीं झाडांना जातें आणि हंडा घासून नवें पाणी भरलें जातें. शिळ्या पाण्याचा महिमा ऐकण्याची माझ्या कानांना संवय नव्हती. प्राध्यापकांनीं तो मला सावकाश समजावून सांगितला. आपणांला पाणी हें पेय आहे. माशाला तें घर आहे, हवाहि तीच आणि मोरीहि तीच. मासा जें खातो त्यांतल्या प्रथिनांपासून अमोनिया होतो, आणि तो मुख्यतः त्याच्या कल्ल्यांवाटे पाण्यांत उतरतो. न खाल्लेले दाणे तळाशीं कुजले, तरी त्यांचाहि अमोनियाच होतो. नदींत तो वाहून जातो, पांगतो. पस्तीस लिटर पाण्यांत तो जाणार कोठें? आणि अगदीं थोडा अमोनियाहि माशाचे कल्ले जाळतो.

निसर्गानें यावर दोन प्रकारच्या जीवाणूंची योजना केली आहे. पहिल्या प्रकारचे जीवाणु अमोनियाचें नायट्राइट करतात. तेंहि विषच, तें रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून घेतें, आणि मासा पाण्यांत असून गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे जीवाणु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. तें माशांना पुष्कळ सोसतें आणि पाण्यांतल्या वनस्पतींना खत म्हणून चालतें. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जीवाणु वेगळे काढून दाखविले. ते पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. खडे, कांच, आणि सर्वांत अधिक फिल्टरचा स्पंज, यांवर ते बिऱ्हाड करतात. नव्या टाकींत त्यांची पुरेशी वसति होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकी कितीहि चकचकीत दिसली, तरी ती राहण्याजोगी नसते.

"आणि तुम्ही," प्राध्यापक म्हणाले, "जे थोडेफार आले असतील त्यांनाहि नळाखालीं धरीत होतां! नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो तो जंतु मारण्यासाठींच. कामाचे जंतु कोणते आणि रोगाचे कोणते, हें तो विचारीत बसत नाहीं. माशांच्या कल्ल्यांनाहि तो सोडीत नाहीं."

"पण आई रात्रीं दाणे घालीत होती," मीं हळूच म्हटलें.

"सगळें घर घालीत होतें, त्यांत त्यांचे चार. भर पडली असेल. पण दाणे कमी पडले असते तरी मासे फार तर थोडे उशीरा मेले असते. त्यांना मारलें तें तुमच्या घाईनें आणि तुमच्या स्वच्छतेनें."

मग त्यांनीं मला आपली टाकी दाखविली. खरें सांगायचें तर ती मला जरा मळकट वाटली. मागच्या कांचेवर हिरवट थर, लाकडाच्या ओंडक्यामुळें पाण्याला फिकट चहाची झांक, तळाशीं एक-दोन गळलेलीं पानें. पण मासे कसे निवांत होते! त्यांनीं मला रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. १८५० सालीं त्यानें तो प्रसिद्ध केला. लंडनमध्यें एका भांड्यांत त्यानें दोन गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पति लावली. वनस्पति प्राणवायु देई, त्यावर मासे जगत; पण तिचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या कांहीं गोगलगाई आणून त्यांत सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें आणि पाणी निवळलें. घराण्याचा इतिहास लिहितांना ज्यांची नांवें कोणी घेत नाहीं, अशीं माणसें घरांत लागतातच, टाकींतहि लागतात.

त्या रात्रीं जेवतांना मीं सर्वांसमक्ष सांगितलें, "मासे आईनें मारले नाहींत. मीं मारले." आणि प्राध्यापकांकडून शिकून आलों होतों तें सर्व, जमेल तसें, सांगितलें. नंदूचा हात पानावर थांबला. दादानें आपल्या नैवेद्याची आठवण होऊन मान खालीं घातली. आईनें मात्र शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलें, आणि म्हणाली, "म्हणजे विरजण लागलेलें नव्हतें, असें म्हण ना!"

मी तिच्याकडे पाहतच राहिलों.

"दूध कितीहि ताजें असलें तरी आपोआप त्याचें दहीं होतें का? कालचें चमचाभर दहीं लागतें, थोडी ऊब लागते, आणि लागेपर्यंत भांडें हलवायचें नसतें. तूं तर विरजणाची वाटी रोज घासून ठेवीत होतास."

मला जें समजायला अर्धा तास लागला होता, तें तिनें दह्याच्या एका वाटींत बसविलें. त्याच क्षणीं मला दुसरेंहि एक कळलें, तें मीं पानावर बोललों नाहीं. पन्नास वर्षें या घरांतलें कितीतरी कडू आईनें निमूटपणें पचविलें होतें, म्हणून आम्हां बाकीच्यांना तेथें श्वास घेतां येत होता. आणि विश्रांतीच्या नांवाखालीं आम्हीं तिलाहि धुवून-पुसून बाजूला ठेविलें होतें.

नवी टाकी मीं माझ्या खर्चानें आणली: तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. तींत सुमारें शंभर लिटर पाणी मावतें. मोठी टाकी संभाळणें अवघड असेल असा माझा समज होता, पण तो उलटा निघाला. पाणी थोडें असलें म्हणजे लहानशी चूकहि लगेच भोंवते, पुष्कळ असलें तर सांवरायला वेळ मिळतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, त्यावर कांच आणि खडे. म्हणून तिला लोखंडी घडवंची केली. उन्हानें शेवाळ माजतें, म्हणून ती खिडकीपासून दूर ठेविली. खड्यांत व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन लावलें. नळाचें पाणी भरून, क्लोरीन जावा म्हणून फिल्टरखेरीज तें तसेंच एक दिवस राहूं दिलें, आणि दुकानांत मिळणारें क्लोरीन मारण्याचें औषधहि मोजून घातलें. मग प्राध्यापकांनीं आपल्या फिल्टरमधला एक जुना, काळपट स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यांत बुडवून डब्यांतून दिला. तो आमच्या फिल्टरमध्यें बसवितांना आई शेजारीं उभी होती. "लागलें विरजण," ती म्हणाली.

पण जीवाणूंना खायला हवें. आणि टाकींत मासा तर एकहि नाहीं. म्हणून रोज चिमूटभर खाद्य नुसत्या पाण्यांत टाकायचें, तें कुजून अमोनिया व्हायचा, आणि त्यावर ते वाढायचे, असें ठरलें. हें काम कोणीं करावें असा प्रश्न निघाला तेव्हां नंदू उठला, खाद्याची डबी घेऊन आजीपुढें उभा राहिला आणि खालीं पाहत म्हणाला, "आजी, तूं घाल. रोज एकदांच." 

आईनें डबी घेतली. तिनें दुसरें कांहीं केलें नाहीं. पण त्या रात्रीं तिनें एक पोळी अधिक खाल्ली, हें वहिनींच्या लक्षांत आलें.

नंदूनें एक वही घातली. तींत तारीख, पाण्याचें तपमान, अमोनिया, नायट्राइट असे रकाने, आणि शेवटचा रकाना 'खाद्य घालणाराची सही' असा. दुसऱ्या कोणीं खाद्य घालूं नये म्हणून ही युक्ति. पेन्शनच्या कागदांखेरीज कोठें सही न करणारी आई रोज सकाळीं नऊ वाजतां त्या वहींत सही करूं लागली. मग नंदू कांचेच्या नळीत टाकींतलें पाणी घेई, त्यांत मोजून थेंब टाकी आणि रंग पाही. पहिल्या आठवड्यांत अमोनियाच्या नळीतला पिवळा रंग हिरवा झाला. दुसऱ्या आठवड्यांत तो फिका पडूं लागला, तों नायट्राइटची नळी जांभळी झाली. ज्या टाकींत डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तींत केवढें काम चाललें होतें! चोविसाव्या दिवशीं एक नळी पिवळीच राहिली आणि दुसरी निळीच राहिली. म्हणजे दोन्ही विषें शून्यावर आलीं. स्पंजाच्या विरजणामुळें आमचें काम लवकर आटोपलें.

आतां मासे कोणते आणायचे? या वेळीं मात्र रीतसर चर्चा झाली. मीं मुलांना शतपथ ब्राह्मणांतली मनूची गोष्ट सांगितली. हात धुण्याच्या पाण्यांत मनूला एक चिमुकला मासा सांपडतो. तो आपल्याला वाढविण्याची विनंती करतो, आणि आधीं घड्यांत, मग खड्ड्यांत, आणि त्यांतहि मावेनासा झालों म्हणजे समुद्रांत ने, असें आधींच सांगून ठेवतो. दुकानांतला मासा बोलत नाहीं, म्हणून तो पुढें केवढा होणार हें आपणच विचारावें लागतें. गोल्डफिश चांगला वीतभर वाढतो, पुष्कळ घाण करतो आणि त्याला थंड पाणी मानवतें. एंजल मोठा झाला कीं निऑनला गिळतो. म्हणजे आमची पहिली टाकी ही एक सुंदर दिसणारी विसंगति होती.

आम्हीं आठ झेब्रा डॅनिओ, सहा चेरी बार्ब, हनी गौरामीची एक जोडी आणि सहा कोरीडोरस, इतकेच निवडले; तेहि एकदम आणले नाहींत. जीवाणूंची संख्या माशांच्या बेतानें वाढते, म्हणून प्रत्येक जातीनंतर मध्यें कांहीं आठवडे जाऊं दिले. मुंजींतली दीड फुटी टाकी नव्या पाहुण्यांना तीन आठवडे वेगळें ठेवण्याच्या कामीं आली. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा रोग एका माशाबरोबर सर्व टाकींत शिरतो, तो तेथेंच उघडकीस येतो. डॅनिओ हा आपल्या देशांतला, ओढ्यांतून आणि भातखाचरांतून राहणारा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तो पाळला जातो, आणि त्याचा संपूर्ण जनुकपट २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. हें कळल्यापासून दादा त्याच्याकडे अधिक आदरानें पाहूं लागला आहे. गौरामी मधून मधून वर येऊन हवा घेतो. प्रथम तें पाहून आई दचकली, पण त्याच्या डोक्यांत हवेवर श्वास घेण्याचें निराळें इंद्रियच आहे हें कळल्यावर तिचा जीव भांड्यांत पडला.

नंदूला लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब फार आवडला होता. तो सह्याद्रीच्या दक्षिण भागांतल्या ओढ्यांतला. त्याच्या गणाला २०१३ सालीं 'सह्याद्रिया' असें नांवहि मिळालें. पण टाक्यांसाठीं त्याला मूळच्या ओढ्यांतून इतकें पकडलें गेलें कीं तेथें तो कमी झाला. शिवाय तो वाढतोहि पुष्कळ. नंदूनें स्वतःच "नको" म्हटलें. याच न्यायानें कंटाळा आला म्हणून टाकींतला परदेशी मासा नदींत किंवा तळ्यांत सोडणें हेंहि पुण्य नव्हे. दक्षिण अमेरिकेंतले कांच चाटणारे 'सकर' मासे असेच सुटून आपल्याकडच्या कित्येक तळ्या-नद्यांतून माजले आहेत.

या गोष्टीला आतां दोन वर्षें होत आलीं. टाकीचा नित्यक्रम साधा आहे. दर शनिवारीं रात्रीं आई दोन बादल्या भरून ठेवते आणि त्यांवर पातळ फडकें टाकते. साधा क्लोरीन रात्रभर उघड्यावर उडून जातो. पण कांहीं ठिकाणीं पाण्यांत क्लोरामीन घालतात, तो असा उडत नाहीं, म्हणून औषधाचे थेंब आम्ही चुकवीत नाहीं. रविवारीं नळीनें तळाचा गाळ ओढून चौथाई पाणी काढायचें आणि तेवढेंच शिळें पाणी भरायचें. सगळें पाणी कधींहि बदलायचें नाहीं. महिन्यांतून एकदां स्पंज त्या काढलेल्या पाण्यांतच दोनदां पिळायचा. पांढरा करण्याचा हव्यास धरायचा नाहीं. काढलेलें पाणी तुळशीला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना जातें; त्यांतल्या नायट्रेटनें तुळस अशी फोफावली आहे कीं आप्पाहि आतां तें पाणी मागून नेतात. दिवा आठ तास. थंडींत पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर राहील असा हीटर. आणि खाद्य दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच.

गेल्या दिवाळींत घराची साफसफाई निघाली तेव्हां वहिनी बादली आणि ब्रश घेऊन टाकीकडे वळल्या. मागच्या कांचेवर हिरवा थर होता, पाहुणे यायचे होते. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि टाकीच्या आड उभी राहिली. "पुढची कांच पूस हवी तर. बाकीच्याला हात लावायचा नाहीं," ती म्हणाली. पन्नास वर्षें स्वयंपाकघरांतून ऐकूं येणारा तो आवाज आम्हीं पुष्कळ दिवसांनीं ऐकला. वहिनी हंसल्या आणि पुढची कांच पुसून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन आईला चकलीच्या भाजणीचें प्रमाण विचारलें. तें त्यांना येत नव्हतें असें मला वाटत नाहीं.

परवां नंदूचे चार मित्र घरीं आले होते. टाकीसमोर त्यांची गर्दी झाली आणि एकानें डबीकडे हात नेला. नंदूनें त्याला अडविलें. "आज नाहीं. आज एकादशी आहे."

"माशांना एकादशी?" तो मुलगा हंसूं लागला.

मासे एखादा दिवस उपाशी राहिले तर त्यांचें कांहीं बिघडत नाहीं, उलट पाणी सुधारतें, असें प्राध्यापकांनीं सांगितलें होतें. तो दिवस पंचांगांतून काढण्याचें काम आईचें. नंदूनें ही सारी उपपत्ति मित्रांना सांगितली नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "आजी सांगते तसें करायचें असतें. पाणी तिला कळतें."

आई शेजारच्या खोलींत होती. तिनें तें ऐकलें कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं शनिवार होता; ती न्हाणीघराशीं बादल्या भरीत होती.